हायपेशियाचा वर्ग

इ.स. ४१५ च्या मार्च महिन्यात अलेक्झांड्रिया शहरात एका जमावाने हायपेशिया या गणितज्ञ स्त्रीला वाहनातून ओढून काढले व ठार केले. तिच्याविषयी बहुतेकांना एवढेच ठाऊक असते. तेथील थोर ग्रंथालय तिच्याबरोबरच जळाले अशी पुस्तीही कोणी जोडतात. तिला आधार नाही. आपण शिक्षकांनी मात्र विचारायला हवे, की त्यापूर्वीची कित्येक वर्षे ही बाई करत काय होती? ती शिकवत होती.

वडील थिऑन हेही गणिताचे शिक्षक. त्यांनी संपादित केलेली युक्लिडची भूमिती पुढे शेकडो वर्षे वापरात राहिली. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या खगोलावरील ग्रंथावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो, त्याच अर्थाने ही टीका. म्हणजे अवघड ग्रंथ उलगडून सांगणे. तिच्या तिसऱ्या भागाच्या आरंभी, ही आवृत्ती आपल्या तत्त्वज्ञ कन्येने तपासली, अशी नोंद थिऑननी केली आहे.

हा तिसरा भाग सूर्याच्या गतीविषयी आहे. टॉलेमीचे वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ५५ मिनिटे, १२ सेकंदांचे. तेवढ्या काळात सूर्य ३६० अंश फिरतो, तर एका दिवसात किती? उत्तर सुमारे ५९ मिनिटे ८ सेकंद (अंशाचे भाग, घड्याळाचे नव्हेत). पण दशांश चिन्ह नसताना, साठ-साठचे भाग पाडत हा भागाकार करून पाहा, म्हणजे त्यातली दमछाक कळेल! पहिल्या भागात थिऑननी भागाकाराची एक रीत दिली आहे. तिसऱ्या भागात मात्र वेगळी, कोष्टक मांडून करायची रीत आढळते. ती हायपेशियाची असावी, असे काही अभ्यासक मानतात. आम्हालाही ते पटते. विद्यार्थी कोठे अडतो हे पाहिलेल्या माणसालाच असे कोष्टक सुचते.

डायोफँटसचे अंकगणित आणि अपोलोनियसचे शांकव यांवरही तिने टीका लिहिल्याचे जुन्या ग्रीक कोशात म्हटले आहे. त्या आज उपलब्ध नाहीत.

तिच्या वर्गात ख्रिस्ती होते, तसेच जुन्या देवदेवतांना मानणारेही होते. पण गावात दुही माजली होती. प्रांताधिकारी ओरेस्टीस आणि बिशप सिरिल यांचे बिनसले. ओरेस्टीस हायपेशियाचा सल्ला घेत असे. तेव्हा समेट तीच होऊ देत नाही, अशी आवई उठली. जमावाला तेवढे पुरले. त्या काळचा इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ सॉक्रेटिस नव्हे) स्वतः ख्रिस्ती, पण त्यानेही या कृत्याचा निषेध केला.

तिचे स्वतःचे एकही पत्र उरलेले नाही. उरली आहेत ती सिनेसियस या विद्यार्थ्याने तिला लिहिलेली. हा पुढे टॉलेमाइस येथे बिशप झाला. एका पत्रात तो एक उपकरण करवून मागतो: बासरीएवढी नळी, तिच्यावर उभ्या ओळीत खुणा, एका टोकाला वजनासाठी शंकू. पाण्यात सोडली की ती उभी तरंगते व खुणांवरून पाण्याचा जडपणा कळतो. आपल्या प्रयोगशाळेतला हायड्रोमीटरच हा! मुले गेल्यावर खचलेल्या अवस्थेत, अंथरुणावरून सांगून लिहवलेल्या पत्रात तो तिला आई, बहीण आणि गुरू म्हणतो. हायपेशियाच्या हत्येपूर्वीच तो वारला असावा.