बंदर सोडून डोंगरात

भिवंडीची खाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. बंदर आले, जकात आली, गलबते बांधायची सोय झाली. मग राजधानी इथेच का नाही केली? उत्तर चार वर्षांतच मिळाले. १६६१ साली मोगलांनी कल्याण हिसकावले. उघडा खाडीकाठ, मोठी फौज आल्यावर राखायचा कसा?

चीनच्या लिऊ बांगपुढेही हाच प्रश्न होता. हान घराण्याचा हा संस्थापक आधी लोयांगला बसला होता. इसवी सनापूर्वी २०२ मध्ये सल्लागारांचे ऐकून तो पश्चिमेकडे वळला, आणि पुढे चांगआन राजधानी झाली. तिथे खिंडी अडवल्या की झाले. आत पिकाऊ मैदान, म्हणजे दाणा घरचाच.

रायगडावर असे मैदान कुठले! पण चहूकडे तुटलेले कडे, आणि खाली सावित्रीकाठी महाडचे बंदर. बंदर हवेच, मात्र गादी त्याच्या काठावर नको, असा हा हिशेब दिसतो. राजगडानंतर रायगड निवडला, १६७४ चा राज्याभिषेक तिथेच झाला. १६८९ साली तोही पडला. पण राजाराममहाराज आधीच निसटले होते. पुढची राजधानी दूर दक्षिणेत, जिंजीला, तीही किल्ल्यावरच.