विज्ञानकथा नियतकालिके, हौशी
विज्ञानकथेच्या वाचकांनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, स्वतःच्या हौसेने काढलेली अल्पप्रसाराची नियतकालिके. ‘अमेझिंग स्टोरीज’ (1926) या अमेरिकन मासिकाने वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापल्याने दूरदूरचे वाचक एकमेकांशी जोडले गेले. त्यातूनच 1930 मध्ये ‘द कॉमेट’ निघाले; ते या प्रकारातले पहिले मानतात. त्याचे संपादक रेमंड पामर. अशा नियतकालिकांना ‘फॅनझिन’ हे नाव रस शोव्हने यांनी 1940 मध्ये दिले. विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी यांनीही तरुणपणी ‘फ्युचुरिया फँटेशिया’ काढले.

अनेक अंकांची छपाई सायक्लोस्टाइलवर होई. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करून मेणकागदावर अक्षरांची छिद्रे पाडत. त्या छिद्रांतून शाई कागदावर उतरे. प्रती टपालाने जात आणि त्यांवरील वाचकपत्रे पुढच्या अंकाचा मोठा भाग व्यापत.

मराठीत याच्याशी जवळचे नाते सांगणारे काम मराठी विज्ञान परिषदेने (स्थापना 1966) केले. तिची पत्रिका आणि विज्ञानरंजन कथास्पर्धा यांमुळे नव्या, हौशी लेखकांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी 1974 च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे 2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. मराठी विज्ञानकथेच्या वाढीत या स्पर्धेचा वाटा मोलाचा आहे.