अक्षर कोणत्या स्वराखाली?

आपल्या सिंदेवाहीकडे दिवाळी झाली की मंडई भरू लागते. दंडार उभी राहते, रात्र रात्र नाटक चालते, आणि गावोगावच्या भजनी मंडळांची बैठक तर बारमाही. या मंडळींची गाण्याची वही तुम्ही पाहिली असेल. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या जुन्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. खाली नुसते पद.

ही तऱ्हा जुनी आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्या काळापासून संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांतही पदांच्या डोक्यावर अशाच चाली दिलेल्या आढळतात. ज्याला मूळ गाणे येते त्याला एवढी खूण पुरे. पण खूण ज्या गाण्याकडे बोट दाखवते, तेच लोक विसरले तर? शब्द जागच्या जागी राहतात आणि चाल निघून जाते. दंडारीतली किती गाणी अशी मुकी झाली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला?

यावर उपाय म्हणजे स्वर लिहायचे आणि त्यांच्या खाली शब्द. ऐकायला सोपे वाटते. खरी मेख आहे ती ‘खाली’ या शब्दात.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. गावोगाव हिंडून त्यांनी घराण्यांतल्या चिजा गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून स्वरांसह छापल्या. त्यांची रीत गुरुजींना फळ्यावर सहज दाखवता येईल. वरच्या ओळीत सा, रे, ग, म असे चार स्वर लिहा, एकेका मात्रेला एक. खाली आपल्याच गावाचे नाव मांडा : सिं, दे, वा, ही. ‘वा’ दोन मात्रा लांबवायचा असेल, तर ‘वा’च्या पुढच्या रकान्यात ऽ हा अवग्रह द्या आणि ‘ही’ पुढच्या मात्रेवर न्या. समेला फुली, खालीला शून्य. आता खालची ओळ एकच घर उजवीकडे सरकवा. ‘सिं’ रिषभावर आला, समेवर कोणी नाही. अक्षरे तीच, स्वर तेच, पण गाणे दुसरे झाले!

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी (१८७२–१९३१) लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांची लिपी निराळी. तिच्यात प्रत्येक स्वराखाली त्याच्या काळाची खूण असते आणि तिच्याही खाली शब्द. म्हणजे तीन मजली घरच. काटेकोर खरी, पण खेड्यातल्या वहीला मला भातखंड्यांचीच बरी वाटते.

छापखान्यातल्या जुळाऱ्याची यात कसोटी लागे. मंद्र सप्तकातला कोमल नी घ्या : त्याच्या पायाशी कोमलाची आडवी रेघ आणि मंद्राचे टिंबही. तार सप्तकातल्या नीच्या डोक्यावर वेलांटी असतेच, तिच्यावर आणखी टिंब. हे सारे सांभाळून खालचे अक्षर नेमके त्याच मात्रेखाली बसवायचे.

हा पेच आपल्याच वाट्याला आला असे नाही. गोव्यातल्या चर्चांमधून ज्या लॅटिन प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेल्या, त्या ग्रेगोरियन गायनाची गोष्ट हीच. आरंभी तिथेही शब्दांवर नुसत्या चढउताराच्या खुणा असत. ज्याला गाणे आधीच येते त्यालाच त्यांचा उपयोग. म्हणजे आपल्या ‘चाल’सारखेच म्हणा ना! सुमारे हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या आरेझ्झोच्या ग्विदो नावाच्या साधूने रेघा आखून स्वरांची जागा पक्की केली. जे शिकायला दहा वर्षे अपुरी पडत, ते आता एका-दोन वर्षांत येते, असे त्याने लिहून ठेवले आहे. १४७६ साली रोममध्ये उलरिश हान याने प्रार्थनेचा ग्रंथ छापला, तेव्हा रेघा लाल शाईत आणि स्वर काळ्या शाईत असे निरनिराळे छापले. कागद जरा हलला की स्वर दुसऱ्या रेघेवर.

आज तेच गायन संगणकावर मांडायला ‘ग्रेगोरियो’ नावाची आज्ञावली आहे. तिची युक्ती पाहण्याजोगी आहे. तिच्यात शब्द आणि स्वर अशा दोन ओळी लिहायच्याच नाहीत. एक अक्षर लिहायचे, लगेच कंसात त्याचे स्वर; मग पुढचे अक्षर. दोघांची गाठ आधीच बांधलेली, त्यामुळे पान लहान-मोठे झाले तरी अक्षर स्वराला सोडत नाही. आपण मोबाइलवर मोकळ्या जागा सोडून स्वरलिपी टंकतो. ती दुसऱ्याच्या मोबाइलवर गेली की अक्षरांचा आकार बदलतो आणि ओळी घसरतात. फटींनी अंतर राखू नका. कोष्टक आखा, एका मात्रेला एक रकाना.

दुसरे कडवे आले की आणखी एक प्रश्न. मोठ्या अभंगाचे काम सोपे, कारण त्याच्या चार चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे बांधलेली. एकाच स्वरावलीखाली कडव्यामागून कडवे बसत जाते. जात्यावरची ओवी मात्र मोकळी. कधी दोन अक्षरे जास्त, कधी कमी. चर्चमधल्या स्तोत्रांनाही ही अडचण आली. तिथे मधला एक स्वर धरून लागतील तेवढी अक्षरे त्यावर म्हणतात आणि शेवटच्या काही अक्षरांना ठरलेले वळण देतात. ओवी लिहितानाही असा एक रुंद रकाना ठेवून पाहावा. जिच्या तोंडची ओवी, त्या आजीला मात्र प्रत्येक कडवे वेगळे म्हणायला लावा. पहिल्यावरून पुढची आपण बसवू नयेत. वहीत स्वरांची एक ओळ, खाली अक्षरांची, आणि तिच्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडा.