मीठ, गायरान आणि खनिज मिश्रणाची पिशवी

"चरायला जाणाऱ्या गाईला खनिज मिश्रण कशाला? आमच्या आज्याच्या खिलारीला कुठं होतं?" असं बरेच जण विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण उत्तरासाठी जरा मागं जावं लागतं.

आज्याच्या काळातली गुरं एका जागी उभी नव्हती. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर दिवसभर चालायची. पवना, मारवेल, कुसळी, बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, असं नाना जातीचं तोंडात जायचं. प्रत्येक वनस्पती जमिनीतनं खनिज वेगवेगळं उचलते, एकीत तांबं कमी तर दुसरीत जास्त. शिवाय खिलार गाय दूध देणार जेमतेम वासरापुरतं, म्हणजे अंगातनं बाहेर जाणारं खनिजही थोडंच. तरी तेव्हा सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. हाडं चघळणारी, माती चाटणारी जनावरं तेव्हाही असायची. लोक त्याला खोड म्हणायचे. बहुतेक वेळा ती फॉस्फरसची नाहीतर मिठाची भूक असते.

हे चालणं पहिल्यांदा तुटलं इंग्रजांच्या जंगल कायद्यानं. १८७८ च्या कायद्यानं रानं राखीव झाली, चराईवर बंधनं आली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्यावर याबद्दल कडक तक्रार आहे. तिकडं मिठावर कर. १८८२ ला मणाला २ रुपये, १८८८ ला अडीच. माणसालाच मीठ जपून वापरायची पाळी, तिथं बैलाच्या गव्हाणीत किती पडणार?

पुढं १९३० ला मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी आपल्याकडं बिळाशीला जंगल सत्याग्रह. बिळाशी आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. तेव्हा ती सातारा जिल्ह्यातच होती, कारण दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० ला. आपण हे लढे स्वातंत्र्याचे म्हणून वाचतो, ते आहेतच. पण गुराच्या बाजूनं बघितलं तर एक मिठाचा आणि दुसरा वैरणीचा.

आता मीठ दिलं म्हणजे झालं का? नाही. मिठात सोडियम आणि क्लोरीन, आयोडीनयुक्त असेल तर आयोडीन. तांबं, जस्त, कोबाल्ट त्यात नाही. हे जगाला कळायलाही वेळ लागला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात काही कुरणांवर हिरवंगार गवत खाऊनही गुरंमेंढरं वाळून मरायची. आधी वाटलं लोह कमी पडतंय. लोहाची माती चारली की जनावर सुधारायचं, पण सगळ्याच मातीनं नाही. १९३५ च्या सुमाराला उलगडा झाला की गुण लोहाचा नव्हता, त्या मातीत मिसळलेल्या कोबाल्टचा होता. पोटातले जंतू कोबाल्टपासून बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. लागतं अगदी कणभर, पण ते नसेल तर पोटभर चारा असून जनावर उपाशी.

आपल्याकडं दुसरा मोठा बदल पाण्यानं आणि दुधानं आला. कृष्णाकाठी ऊस वाढला, कारखाने आले, गायरानं आक्रसली. १९६७ ला मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ सुरू केली, संकरित गाय घरोघर पोचली. १९७० पासून दुधाचा महापूर. गाय दहा-पंधरा लिटर द्यायला लागली आणि दावणीला पडलं उसाचं वाढं. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. २०१२-१३ आणि २०१९ च्या दुष्काळात माण, आटपाडीच्या छावण्यांत तर महिनोन् महिने ऊस आणि वाढ्यावरच गुरं जगली. जगली हे खरं, छावण्या नसत्या तर कसायाकडं गेली असती. पण नुसत्या उसावर राहिलेली गाय नंतर माजावर वेळेवर येईल ही अपेक्षा धरू नये.

आणि जी अजून माळावर चरतात त्यांचं काय? माळ तोच, पण गवताच्या जाती कमी झाल्यात, बरीचशी कुसळीच उरली. पूर्वेकडं चुनखडीची जमीन, तिच्यातलं जस्त मुळांना सहज मिळत नाही. पाटण-जावळीकडं पावसानं खनिजं धुऊन जातात. काळ्या जनावराचे केस तांबूस पडले, डोळ्याभोवती रंग उडाला, तर तांब्याची शंका घ्या. कातडी जाड खरबरीत झाली तर जस्ताची. गाय वारंवार उलटत असेल तर नुसती रेतनं बदलत बसू नका, डॉक्टरला रक्त आणि वैरण तपासायला सांगा.

खनिज मिश्रण वासराला रोज २०-२५ ग्रॅम, भाकड गाईला ५० ग्रॅम, दुभत्या गाईला दुधाप्रमाणे १०० ते २०० ग्रॅम, पिशवीवरचं प्रमाण बघून. संध्याकाळी चरून आल्यावर पेंडीत कालवून द्या, मीठ वेगळं. आणि माणदेशातल्या मेंढपाळांना खास सांगणं: गाईचं मिश्रण मेंढराला घालू नका. मेंढराला तांबं लवकर बाधतं, ते काळजात साठत जातं आणि चांगलं दिसणारं मेंढरू एकाएकी मरतं. मेंढराचं मिश्रण वेगळं मिळतं, तेच मागून घ्या.