तांबी नेमकी किती वर्षे चालते?

तांबी कधी बसवली, असे विचारले की अनेक स्त्रियांना धाकट्या मुलाच्या वयावरून हिशेब करावा लागतो. हिशेब जुळला तरी प्रश्न सुटत नाही. कारण प्रत्येक प्रकाराची मुदत वेगळी असते.

सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात दोन प्रकार मोफत दिले जातात. कॉपर-टी ३८०ए ची मुदत १० वर्षे, तर कॉपर ३७५ ची ५ वर्षे आहे. नावातील आकड्यांचा वर्षांशी संबंध नाही. साधनावरील तांब्याच्या पृष्ठभागाचे ते चौरस मिलिमीटरमधील माप होय. दोन्ही आकडे इतके जवळचे असल्याने गफलत सहज होते, आणि ५ वर्षांची तांबी १० वर्षांची समजून ठेवली, तर नको असलेली गर्भधारणा संभवते. म्हणून बसवताना मिळालेल्या कार्डावर प्रकार व तारीख लिहिली आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.

तांब्याचे आयन गर्भाशयात संथपणे झिरपत राहतात. त्यामुळे शुक्राणू निकामी होऊन फलनच टळते. पहिल्या वर्षात शंभरांपैकी एकीलाही क्वचितच गर्भ राहतो. मुदत संपली म्हणजे तांबी त्याच दिवशी निरुपयोगी होते, असे मात्र नाही. कॉपर-टी ३८०ए १२ वर्षांपर्यंत परिणामकारक राहते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही त्या भरवशावर स्वतःच्या मनाने मुदत वाढवू नये.

आणखी एक घोटाळा वेष्टनावरील तारखेचा. ती तारीख साधन बसवण्याची शेवटची मुदत सांगते, शरीरातील आयुष्य नव्हे. त्या तारखेच्या आत बसवलेली कॉपर-टी ३८०ए पुढे पूर्ण १० वर्षे चालते. केवळ वेष्टनावरची तारीख उलटली म्हणून चांगली तांबी काढून टाकण्याचे कारण नाही.

वयस्कर स्त्रिया आजही ‘लूप’ म्हणतात, ते साधन निराळे होते. १९६५ मध्ये भारतात आलेल्या त्या प्लास्टिकच्या लूपमध्ये तांबे नव्हते, त्यामुळे झिजण्यासारखे काही नव्हते. लूप वर्षानुवर्षे राहू शकतो ही समजूत तिथून आली. ती तांबीला लावू नये.

संप्रेरकयुक्त साधनाचा हिशेब पुन्हा वेगळा. ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या साधनाची मुदत दीर्घकाळ ५ वर्षे मानली गेली. अमेरिकेत २०२२ मध्ये अशा एका साधनाला गर्भनिरोधासाठी ८ वर्षांपर्यंत मान्यता मिळाली. आपल्या साधनाच्या माहितीपत्रकात जी मुदत असेल, तीच पाळावी.

मुदत शिल्लक असूनही संरक्षण संपू शकते. तांबी क्वचित आपोआप निसटते. प्रसूतीनंतर ४८ तासांत बसवली असल्यास ही शक्यता अधिक. दोरा हाताला लागेनासा झाला किंवा पूर्वीपेक्षा लांब वाटला, तर तपासणी होईपर्यंत दुसरे साधन वापरावे. पाळी चुकली आणि ओटीपोटात दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तांबी असताना राहिलेला गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता तपासावी लागते.

मुदत संपल्यावर जुनी काढून त्याच भेटीत नवी बसवता येते. मध्ये ‘पिशवीला विश्रांती’ देण्याची गरज नसते. मूल हवे असल्यास काढल्यानंतर लगेच गर्भधारणा होऊ शकते. चाळिशीनंतर बसवलेली तांब्याची तांबी रजोनिवृत्तीपर्यंत ठेवण्याची मुभा ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या सूचना देतात; पाळी कायमची थांबल्यावर मात्र ती काढून घ्यावी लागते.