सायकल-व्हॅन (कोलकाता)
मालासाठी बनलेली, पण माणसांनाही वाहणारी तीनचाकी सायकल. पुढे सायकलचे हँडल व चाक, मागे दोन चाकांवर लाकडी फळ्यांचा सपाट पाट. पायडलची साखळी मागचा आस फिरवते. गिअर सहसा नसतात. कोलकात्याच्या उपनगरांत व आसपासच्या जिल्ह्यांत आई, मुले, भाजीची टोपली असे सगळे कुटुंब या पाटाच्या कडेला पाय खाली सोडून बसते आणि रेल्वे स्थानक गाठते. पाटावर खिडक्यांची पत्र्याची पेटी बसवून आत बाकडी टाकली, की ती शाळेची व्हॅन होते. दाटीवाटीने बसलेली मुले आणि जेमतेम ब्रेक, ही तिची खरी उणीव.

कुटुंब वाहणारी तीनचाकी परदेशातही आहे. कोपनहेगनमध्ये 1984 साली पहिल्यांदा बनलेल्या ख्रिस्तियानिया तीनचाकीत पालक पुढच्या पेटीत मुले बसवून स्वतः पायडल मारतात. मोटारीला ती पर्याय ठरली. कोलकात्यात मात्र व्हॅन भाड्याची, चालवणारा गरीब, आणि बसणाऱ्यांकडे बहुधा मोटार नसतेच.

2013 मध्ये कोलकाता पोलिसांनी शहरातील 174 रस्त्यांवर सायकलींना व इतर बिनइंजिनी वाहनांना बंदी घातली. कोंडीचा दोष सर्वांत कमी जागा घेणाऱ्यांवर टाकणारा हा निर्णय अन्यायकारक होता. सायकलस्वारांनी निदर्शने केली. त्यानंतर ‘टोटो’ नावाच्या ई-रिक्षांनी व्हॅनचे बरेच प्रवासी ओढून घेतले. माल वाहण्याचे काम अजून तिच्याकडे आहे.