लांज्याच्या रस्त्यावरची मर्सिडीज

मर्सिडीज-बेंझच्या मॉडेलांची चर्चा आपल्याकडे ई-क्लासपासून सुरू होते. लांज्यातून पाहणाऱ्या माझ्यासारख्याला हा क्रम मान्य करता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या जुन्या माणसांना तीन टोकांचा तो तारा आठवतो तो ट्रकच्या नाकावरचा.

१९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' ट्रक निघू लागले. १९६९ मध्ये करार संपला; तारा उतरला, 'टी' चढला. नावे ठेवण्याची जर्मन रीत मात्र मागे राहिली. १२१० म्हणजे एकूण वजन बारा टन, ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती. चिरे भरून अंजणारी घाट चढवणाऱ्या ड्रायव्हरला 'बारा-दहा' एवढे सांगितले की पुरे. पुढे आलेल्या ४०७ चे नावही याच घराण्यातले.

दुसरी शाखा अधिक रंजक. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचे व्यापारी नाव 'टेम्पो'. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली आणि हे विशेषनाम मराठीत सामान्यनाम झाले. (आता कोणत्याही कंपनीची गाडी असो, आंब्याच्या पेट्या 'टेम्पोत'च चढतात.) विडाल हानोमागकडे गेली आणि हानोमागची वाहने डाइमलर-बेंझकडे. ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पो मर्सिडीजचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्याने बनवू लागली. ते मॅटाडोरला लागले, नंतर ट्रॅक्सला. याच इंजिनाची मर्सिडीज २४० डी, म्हणजे २.४ लिटर डिझेल, जर्मनीत टॅक्सी म्हणून धावत होती. लांज्याच्या एस.टी. स्टँडबाहेर दाटीवाटीने भरलेली वडापची ट्रॅक्स तिची सख्खी बहीण. दोघींचा धंदाही एकच! मोटारींच्या इतिहासात या गाडीला ओळभरही जागा मिळत नाही, हे मला खटकते.

मोटारी आल्या त्या फार उशिरा. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जुळू लागली. २००९ पासून काम चाकणला गेले. आजची नावे अक्षरांची आहेत. सी, ई, एस हा सेदानांचा चढता क्रम; जीएलसी, जीएलई, जीएलएस या त्यांच्या उंच भावंडांत शेवटचे अक्षर तेच. २०२२ मध्ये चाकणलाच विजेवरची ईक्यूएस जुळली.

बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. मर्सिडीजच्या भारतात बनणाऱ्या मोटारींची इंजिने जुळवून तपासण्याचे काम १९९७ पासून याच कंपनीकडे आहे.